मलूपा कोण होता? बेलाचं झाड, गोव्याचा डॉक्टर आणि गळून गेलेली नावं

परळी वैजनाथहून मी बोलते आहे.

आजची गोष्ट बेलापासून सुरू करू. श्रावणी सोमवारी आपल्या वैजनाथाच्या पायऱ्या चढताना ज्याच्या त्याच्या हातात बेलाची पानं असतात. त्या झाडाचं शास्त्रीय नाव माहीत आहे का? नसेल तर लगेच फोनमध्ये शोधा. सापडेल, एगल मार्मेलॉस. हा 'मार्मेलॉस' शब्द संस्कृत नाही, मराठी नाही, फारसीसुद्धा नाही. तो आला आहे पोर्तुगीजमधून. मार्मेलो हे युरोपातलं एक फळ. सफरचंद आणि नासपतीच्या भावकीतलं, वास छान, पण कच्चं खाल्लं तर तोंड आखडून जातं. पोर्तुगीज लोकांनी बेलफळ पाहिलं आणि त्यांना आपल्या गावाकडचं मार्मेलो आठवलं. मग ते बेलफळाला 'बंगालचं मार्मेलो' म्हणायला लागले. म्हणजे बेल महादेवाचा, झाड आपलं, आणि जगाच्या वहीत नाव मात्र पोर्तुगालच्या फळाचं!

हे नाव पुस्तकात लिहून ठेवणारा माणूस म्हणजे आजच्या भागाचा नायक, गार्सिया द ऑर्ता. पेशाने डॉक्टर. १५३४ साली भारतात आला, मरेपर्यंत इथेच राहिला आणि १५६३ साली गोव्यात त्याने एक पुस्तक छापलं. भारतातल्या औषधी वनस्पतींवर इथे राहून, इथल्या लोकांना विचारून एखाद्या युरोपियन माणसाने लिहिलेलं आणि छापलेलं हे पहिलं मोठं पुस्तक.

तुम्ही म्हणाल, परळीच्या पॉडकास्टवर गोव्याचा डॉक्टर कशाला? थोडं थांबा. हा माणूस आपल्या निजामशाहीत येऊन गेलेला आहे. आणि त्याच्या पुस्तकात एक वैद्य आहे, मलूपा नावाचा. मला आज खरं तर त्या मलूपाविषयी बोलायचं आहे. पण त्याच्यापर्यंत जायला गार्सियाच्याच वाटेने जावं लागतं.

पळून आलेला डॉक्टर

गार्सियाचा जन्म साधारण १५०० च्या सुमाराचा. गाव कास्तेलो द व्हिद, पोर्तुगालच्या पूर्व सीमेजवळचं. आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने हुकूम काढला, ख्रिस्ती व्हा नाहीतर देश सोडा. हे कुटुंब सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आलं. पाच वर्षांनी, १४९७ साली, पोर्तुगालनेही ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं. अशा लोकांना 'नवे ख्रिस्ती' म्हणायचे. नाव बदललं, चर्चमध्ये जाणं सुरू झालं, पण संशय काही सुटला नाही. घरात शनिवारी चूल का पेटली नाही, डुकराचं मांस का खाल्लं नाही, यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे डोळे.

पोरगा हुशार होता. स्पेनमधल्या सालामांका आणि आल्काला या विद्यापीठांत शिकला, डॉक्टर झाला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवायला लागला. करिअर एकदम सेट! पण नव्या ख्रिस्ती लोकांभोवतीचा फास आवळत चालला होता. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन येणार, अशी हवा होती. इन्क्विझिशन म्हणजे धर्माच्या नावाने चालणारं न्यायालय. गुप्त तक्रारी, कैद, छळ आणि काहींना जिवंत जाळण्याची शिक्षा. १५३६ साली ते आलंच. गार्सिया त्याच्या दोन वर्षं आधी निघाला होता. मार्तिम अफोन्सो द सोझा नावाच्या दर्यावर्दी सेनापतीचा डॉक्टर म्हणून १५३४ च्या मार्चमध्ये तो जहाजात बसला आणि सप्टेंबरमध्ये गोव्यात उतरला.

तो झाडं बघायला आला की जीव वाचवायला? मला वाटतं दोन्ही. मागे राहिलेल्या त्याच्या आईला आणि बहिणींना लिस्बनमध्ये इन्क्विझिशनने अटक केली. सुटका झाल्यावर त्याही गोव्याला त्याच्याकडे आल्या.

तिकडच्या पोथ्या आणि इकडची झाडं

त्या काळी वनस्पतिशास्त्र असा वेगळा विषय नव्हता. औषधं झाडांचीच, त्यामुळे डॉक्टरला झाडं ओळखावी लागायची. पण युरोपातला डॉक्टर भारतातली झाडं ओळखायचा कशावरून? दीड हजार वर्षं जुन्या ग्रीक पोथ्यांवरून! डायोस्कोरायडिस आणि गेलन ही तिकडची मोठी नावं. त्यांनी लिहिलं ते प्रमाण. मिरी, दालचिनी, वेलदोडा, हिंग असा माल अरबस्तानातून फिरत फिरत जायचा. हाती यायचा सुकलेला तुकडा. झाड कुणी पाहिलेलंच नाही.

चिंचेचं घ्या. अरब व्यापारी तिला 'तमर-हिंदी' म्हणायचे, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. त्यावरूनच इंग्रजी 'टॅमरिंड' शब्द आला. नावात खजूर आहे, म्हणून युरोपातल्या काही विद्वानांनी ठरवून टाकलं की हे खजुरासारख्या झाडाचंच फळ असणार. गार्सियाने शांतपणे लिहिलं, असं काही नाही, झाड वेगळंच आहे, चिंचोक्यामुळे तसं नाव पडलं असेल. आपल्याकडे चिंचेखाली गोट्या खेळणारं कुठलंही पोर हे सांगू शकलं असतं. पण ते युरोपातल्या पुस्तकात जायला कुणीतरी इथे येऊन, झाडाखाली उभं राहून बघावं लागलं.

त्याच्या पुस्तकाचं नाव 'कोलोकियोस', म्हणजे संवाद. आजच्या भाषेत सांगायचं तर पॉडकास्टच! पन्नासहून जास्त संवाद आहेत आणि बोलणारी मुख्य माणसं दोन. एक रुआनो, स्पेनहून नुकताच आलेला, पुस्तकं कोळून प्यायलेला काल्पनिक डॉक्टर. दुसरा स्वतः ऑर्ता. रुआनो विचारतो, गेलनने तर असं लिहिलंय, मग तुम्ही असं कसं म्हणता? ऑर्ता म्हणतो, मला ग्रीकांची भीती घालू नका, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. एके ठिकाणी तर तो कबूल करतो की आपण स्पेनमध्ये असतो तर गेलनच्या विरोधात बोलायची हिंमत झाली नसती.

गंमत अशी की हे दोघं खरं तर एकाच माणसाचे दोन भाग आहेत. रुआनो म्हणजे लिस्बनमधला प्राध्यापक गार्सिया. ऑर्ता म्हणजे तीस वर्षं इथलं ऊन खाल्लेला गार्सिया.

निजामशाहाच्या दरबारात

आता आपल्या भागाकडे येऊ. गोव्यात गार्सियाची प्रॅक्टिस जोरात होती. व्हाइसरॉयपासून गरिबांपर्यंत सगळे पेशंट. त्याची ख्याती घाट चढून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोचली. तिथे राज्य होतं बुऱ्हाण निजामशाहाचं. त्याच्यावर आणि त्याच्या घरच्यांवर उपचार करायला गार्सिया नगरला जायचा.

निजामशाही म्हणजे कुठलं तरी दुसरं राज्य असं समजू नका. आपलं बीड तेव्हा निजामशाहीत होतं. आणि फरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की या घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घरातला होता. बुऱ्हाणचा तो आजा. पाथरी म्हणजे इथून सोनपेठमार्गे गेलं की आलीच. नगर-बीड-परळी रेल्वेच्या गप्पा ऐकत आपल्या पिढ्या मोठ्या झाल्या. त्याच पट्ट्यातली ही गोष्ट, साडेचारशे वर्षांहून जुनी.

नगरच्या दरबारात इराणी आणि अरबी परंपरेचे हकीम होते. ते अरबी ग्रंथ शिकलेले, गार्सिया लॅटिन शिकलेला. तिथे चर्चा रंगायच्या. बुऱ्हाण स्वतः चौकस होता. गार्सियाने लिहिलंय की राजाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवली आणि त्याने राजाला लॅटिन. डोळ्यांसमोर आणा. एक सुलतान, एक लपलेला ज्यू, बसून एकमेकांना ताप आणि खोकल्याची नावं शिकवतायत! राजाने त्याला भरपूर बक्षिसं दिली. दरवर्षी काही महिने इथे येऊन राहा, म्हणून मोठी रक्कमही देऊ केली. गार्सियाने ती घेतली नाही.

घाटावरच्या या प्रदेशाला पोर्तुगीज लोक 'बालागाते' म्हणायचे. ओळखीचा वाटतो ना शब्द? बालाघाट! आपल्या परळीचे डोंगर ज्या रांगेचे, तिचंही नाव तेच. पण गार्सियाच्या लिखाणात बालागाते म्हणजे सह्याद्रीच्या वरचा सगळाच दख्खन. या बालागातेतल्या एका झाडाचं त्याने फार कौतुक केलंय. ते झाड म्हणजे कडुनिंब. घोड्यांच्या पाठीवर खोगीर घासून जखमा व्हायच्या, त्या काही केल्या भरायच्या नाहीत. कडुनिंबाचा पाला वाटून, लिंबाचा रस घालून लावला तर जखम साफ होऊन भरते, हे त्याने इथे पाहिलं.

निर्गुडीवरही त्याने लिहिलंय. सांधे धरले की आपल्याकडे जिचा पाला शेकायला घेतात ती. तिचं नाव त्याने लिहिलं 'नेगुंडो', म्हणजे निर्गुंडीच, पोर्तुगीज जिभेने म्हटलेली. पुढे लिनियसने शास्त्रीय नाव दिलं व्हायटेक्स नेगुंडो. एवढंच नाही, उत्तर अमेरिकेत एक मेपलचं झाड आहे, त्याची पानं निर्गुडीसारखी दिसतात म्हणून त्याचं नाव पडलं एसर नेगुंडो. म्हणजे अमेरिकेतल्या रस्त्याकडेच्या झाडावर आपल्या बांधावरच्या निर्गुडीचं नाव आहे! बेलाला त्यांचं नाव चिकटलं, तसं त्यांच्या झाडाला आपलं.

मोडशी

तुमच्या आजीने कधी 'मोडशी झाली' असं म्हटलेलं ऐकलंय का? पोट बिघडलं, जुलाब-उलट्या झाल्या की जुनी माणसं म्हणतात. हा शब्द १५६३ च्या त्या पुस्तकात आहे.

गार्सियाने एका संवादात एका भयंकर रोगाचं वर्णन केलंय. नाडी मंद, अंग गार, डोळे खोल गेलेले, पायात गोळे, उलट्या-जुलाब थांबत नाहीत, आणि माणूस बघता बघता जातो. हा कॉलरा. भारतातल्या कॉलऱ्याचं युरोपियन डॉक्टरने केलेलं हे सगळ्यात जुन्या वर्णनांपैकी एक आहे. इथले लोक याला 'मोर्शी' म्हणतात, असं तो नोंदवतो. मोर्शी म्हणजे आपली मोडशी. पोर्तुगीजांनी तिचं केलं 'मोर्देशी'. पुढे फ्रेंचांच्या तोंडी तिचं झालं 'मोर द शिएँ', ज्याचा अर्थ त्यांच्या भाषेत होतो कुत्र्याचं मरण! शब्द एका कानातून दुसऱ्या कानात जाताना काय काय होतं बघा.

गार्सियाची ही सवय मला फार आवडते. प्रत्येक झाडाला, प्रत्येक औषधाला अरबीत काय म्हणतात, गुजरातीत काय, दख्खनीत काय, कोकणीत काय, मलबारात काय, हे तो विचारतो आणि लिहून ठेवतो. बिब्ब्याला इथले लोक काय म्हणतात ते आहे, फणसाचं आहे, हिंगाचं आहे. भांगेवर अख्खा संवाद आहे. धोत्रा आहे. आंब्यावर तर तो फिदा होता. मुंबई बेट त्याला पोर्तुगीज सरकारकडून खंडाने मिळालं होतं. होय, आजची मुंबई! तिथल्या त्याच्या एका आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा बहर येतो, हे तो अभिमानाने सांगतो.

मग मलूपा कोण?

आता मुद्द्यावर येऊ. ही सगळी माहिती गार्सियाला दिली कुणी?

पुस्तक नीट वाचलं की उत्तर दिसतं. अँटोनिया नावाची एक बाई त्याच्या घरी कामाला आहे. गप्पा चालू असताना तो तिला हाक मारतो, अमुक झाडाची फांदी आण, तमुक फळ आण. ती आणते. म्हणजे ते झाड कुठे आहे आणि ते ओळखायचं कसं, हे तिला माहीत आहे. नाही का? आणि एका संवादात येतो मलूपा. गोव्यातला हिंदू वैद्य. गार्सिया त्याला विचारतो आणि तो सांगतो. बाकी ठिकाणी 'इथल्या एका वैद्याने सांगितलं', 'एका योग्याने सांगितलं', 'एका व्यापाऱ्याने दाखवलं', एवढंच. नावं नाहीत.

मलूपाचं खरं नाव काय असेल? मल्लाप्पा असेल, महालप्पा असेल. पोर्तुगीज कानाने ऐकलं तसं लिहिलं गेलं. त्याचं गाव, त्याचा गुरू, त्याची मुलंबाळं, यातलं पुस्तकात काहीच नाही.

गार्सियाला संत करायची मला गरज वाटत नाही. इथले वैद्य अनुभवाने औषध देतात, त्यांना शरीराच्या आतलं काही कळत नाही, असं तो सरळ लिहितो. पण त्याच तोंडाने हेही सांगतो की आपण आधी आपली औषधं देऊन बघतो, गुण आला नाही की इथल्या वैद्यांची देतो. म्हणजे पेशंट हातातून जायला लागला की मलूपाची आठवण!

तरीसुद्धा त्याने एक गोष्ट बरोबर केली. पुस्तक संवादाच्या रूपात लिहिलं. त्यामुळे अँटोनियाचा वावर आणि मलूपाचा आवाज त्यात राहिला, थोडा का होईना.

मग काय झालं? क्लूसियस नावाचा युरोपातला मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याच्या हाती हे पुस्तक पडलं. त्याला ते इतकं महत्त्वाचं वाटलं की त्याने त्याचा लॅटिनमध्ये संक्षेप केला. १५६७ साली अँटवर्पमध्ये तो छापला गेला, पुढे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. युरोपातल्या विद्वानांनी गार्सियाला वाचलं ते बहुतेक या लॅटिन पुस्तकातून. पण क्लूसियसला हवी होती माहिती, गप्पा नकोत. त्याने संवादच काढून टाकले. झाड, गुण, उपयोग, संपलं. अँटोनिया गेली. मलूपा गेला.

कुणी कट केला नाही, कुणाचा वाईट हेतू नव्हता. फक्त पुस्तक आटोपशीर केलं. आणि आटोपशीर करताना आधी माणसंच कापली गेली.

आणि गार्सियाचं काय झालं?

इन्क्विझिशनपासून पळून तो सात समुद्र ओलांडून आला होता. १५६० साली इन्क्विझिशन गोव्यातही आलं. त्याच गोव्यात, त्यानंतर तीन वर्षांनी, एप्रिल १५६३ मध्ये त्याने पुस्तक छापलं. छपाई इतकी गचाळ झाली की मागे पानंच्या पानं शुद्धिपत्र जोडावं लागलं. त्याच पुस्तकात एक कविताही आहे, कामोइंश नावाच्या त्याच्या मित्राची. पुढे हाच पोर्तुगालचा महाकवी झाला. त्याची छापलेली पहिली कविता ती हीच.

अख्ख्या पुस्तकात गार्सिया निर्भयपणे बोलतो. गेलन चुकला म्हणतो, अरबांचं बरोबर आहे म्हणतो. फक्त एका विषयावर गप्प असतो, स्वतःवर. आपण कोण, आपले आईवडील कोण, घरात कुठली प्रार्थना म्हटली जाते, यावर अवाक्षर नाही. झाडांबद्दल खरं बोलायची मुभा होती, स्वतःबद्दल नव्हती.

१५६८ साली तो वारला. नैसर्गिक मरण, सन्मानाने दफन. पण लगेच त्याच्या घरच्यांवर धाड आली. बहीण कातारीना पकडली गेली. चौकशीत घरच्यांच्या जबान्या घेतल्या गेल्या. गार्सिया मनाने ज्यूच राहिला होता, असं त्यात नोंदवलं गेलं. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारीनाला गोव्यात जिवंत जाळलं. तेवढ्यावर भागलं नाही. १५८० साली गार्सियाचं थडगं उकरलं, हाडं बाहेर काढली आणि तीसुद्धा जाळली. मेल्यावर बारा वर्षांनी!

ही कागदपत्रं पुढे साडेतीनशे वर्षं दप्तरात पडून होती. १९३४ साली एका पोर्तुगीज संशोधकाने ती उजेडात आणली, तेव्हा कुठे जगाला कळलं की ज्याचं पुस्तक आपण डोक्यावर घेतलं त्याच्या हाडांचं काय झालं. आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. चर्च चौकातून जाताना दिसते. सेल्फी काढा, पण कातारीनाची आठवण ठेवून काढा.

मला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. सत्तेने ठरवून गार्सियाला पुसायचा प्रयत्न केला, आणि पुस्तक होतं म्हणून तो राहिला. मलूपाला पुसायचं कुणीच ठरवलं नव्हतं, पण त्याचं पुस्तक नव्हतं, म्हणून तो पुसला गेला.

वेगळं करता येतं

यापेक्षा चांगलं करता आलं असतं का? आलं असतं, आणि कुणीतरी केलंही.

गार्सियानंतर शंभरेक वर्षांनी कोचीनमध्ये डच गव्हर्नर होता, हेंड्रिक व्हान रेडे. त्याने मलबारच्या वनस्पतींवर एक अवाढव्य ग्रंथ करून घेतला, 'हॉर्टस मलबारिकस'. बारा खंड, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापलेले. सातशेहून जास्त वनस्पती, मोठाली चित्रं. आणि पहिल्या खंडात ज्यांनी माहिती दिली त्यांचे दाखले छापलेत, त्यांच्याच लिपीत! इट्टी अच्युदन या केरळी वैद्याचा दाखला आहे. आणि तीन कोकणी ब्राह्मणांचा आहे. रंगा भट, विनायक पंडित आणि आपु भट. भाषा कोकणी, अक्षरं देवनागरी. खाली त्यांची नावं. तारीख एप्रिल १६७५.

हे कोकणी लोक कोचीनला कसे? पोर्तुगीजांच्या काळात गोवा सोडून जी कुटुंबं दक्षिणेला गेली, त्या समाजातले ते. म्हणजे बघा, गार्सिया धर्माच्या जाचाने पळून गोव्यात आला, आणि त्याच गोव्यातून तसल्याच जाचाने पळालेल्या लोकांच्या वंशजांनी कोचीनला पुढचा मोठा ग्रंथ उभा केला. झाडांची माहिती पळणाऱ्या माणसांच्या डोक्यात बसून प्रवास करत होती.

व्हान रेडे काही देवमाणूस नव्हता, डच कंपनीचा अधिकारी होता, त्यालाही मसाल्याचा फायदा हवा होता. पण नावं छापायला त्याला कुणी अडवलं नाही. त्यामुळे आज साडेतीनशे वर्षांनंतर मी परळीत बसून ही चार नावं घेऊ शकते. मलूपाचं पूर्ण नाव मात्र मला घेता येत नाही.

आता आपल्या परळीकडे

वैद्यनाथ म्हणजे वैद्यांचा नाथ. समुद्रमंथनातून आलेलं अमृत आणि धन्वंतरी या लिंगात लपले, अशी आपल्याकडची कथा. डोंगरावर औषधी झाडं आहेत, हे तर परळीत लहानपणापासून कानावर पडतं. आणि ती झाडं ओळखणारी माणसं अजून आहेत. वैदू आहेत, मेंढपाळ आहेत, बिब्बे विकत फिरणाऱ्या बाया आहेत, शेळ्यांना काय चारायचं नाही ते सांगणारे आजोबा आहेत.

झाडांची नोंद बऱ्यापैकी झाली आहे. १९९८ साली डॉ. व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा दोन खंडांचा ग्रंथ आला. आपल्या मराठवाड्यातल्या वनस्पतींचं शास्त्रीय काम बघायचं तर तो बघावा. आता तर फोनने फोटो काढला की ॲप झाडाचं नाव सांगतं, खाली लॅटिन नावासकट. पण ॲप हे सांगत नाही की या झाडाचं पान कुठल्या महिन्यात तोडायचं, ते कुणाला देऊ नये, आणि हे कुणाला माहीत आहे.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिने 'लोकजैवविविधता नोंदवही' करायची असते. गावातली झाडं, पिकांची वाणं, जनावरं, आणि गावातल्या जाणकार माणसांची माहितीसुद्धा. वैद्य, हकीम, सुईणी, जो कोणी जाणता असेल तो. पुष्कळ ठिकाणी ही वही नुसती कागद भरण्यापुरती होते. तुमच्या ग्रामपंचायतीत जा आणि विचारा, आमच्या गावाची नोंदवही बघायला मिळेल का? उघडून बघा, त्यात झाडांच्या याद्यांबरोबर माणसांची नावं आहेत का? नसतील तर घालायला सांगा.

आणि पंचायतीची वाट न बघता करता येणारं कामही आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा आजीला, चुलत्याला, मेंढपाळाला एका झाडाबद्दल विचारा. फोनवर रेकॉर्ड करा. आधी त्यांची परवानगी घ्या, त्यांनी जे सांगू नको म्हटलं ते ठेवून द्या. आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पाच गोष्टी बोला. झाडाचं गावातलं नाव, जागा, तारीख, सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, आणि त्यांना हे कुणी शिकवलं. शेवटची गोष्ट विसरू नका. गार्सियाने मलूपाला तेवढं विचारून लिहून ठेवलं असतं, तर मलूपाचा गुरूही आपल्याला ठाऊक झाला असता.

एक सूचना मात्र गंभीरपणे. हे सगळं नोंदीसाठी आहे, स्वतःवर प्रयोग करायला नाही. बिब्ब्याने कातडी भाजते, धोत्र्याने माणूस मरतो. गार्सियाच्या पुस्तकात आहे म्हणून किंवा मी सांगितलं म्हणून कुणी काही खाऊ नका, लावू नका. आजारी असाल तर डॉक्टरकडे जा.

आणि पुढच्या वेळी एखाद्या रीलमध्ये कुणी 'आयुर्वेदात असं म्हटलंय', 'आदिवासी लोक असं करतात' असं म्हणालं, तर खाली एक साधी कमेंट टाका. कोण म्हणालं? कुठल्या गावचं? नाव काय? भांडायला नको, नुसतं विचारायचं. उत्तर आलं नाही तर समजायचं, अजून एका मलूपाचं नाव गळलं.

तुमच्या घरच्या जाणत्या माणसाचं रेकॉर्डिंग झालं तर मला नक्की पाठवा. त्यांची हरकत नसेल तर पुढच्या एखाद्या भागात त्यांच्याच आवाजात, त्यांच्या नावासकट ऐकवू. तोवर काळजी घ्या, बेलाला पाणी घाला. येते मी.